जलसंजीवनीची वाट : प्रयोगशाळेपासून घरापर्यंत

एखाद्या रोगावर औषध सापडले आणि ते गुणकारी आहे हे सिद्ध झाले, म्हणजे त्या रोगाचा प्रश्न सुटला, अशी आपणां सर्वांची साधारण समजूत असते. वर्तमानपत्रात शोधाची बातमी वाचून आपण निश्चिंत होतो. आता उरले ते काम कारखानदारांचे आणि औषधविक्रेत्यांचे, असे आपण मनाशी धरतो. परंतु वैद्यकाचा इतिहास चाळून पाहिला तर निराळेच चित्र दिसते. औषध सिद्ध झाल्याचा दिवस आणि ते रोग्याच्या तोंडी पडल्याचा दिवस यांत कधी वीस, कधी चाळीस वर्षांचे अंतर पडलेले आढळते. या अंतरात जी माणसे मेली ती अज्ञानामुळे मेली असे म्हणता येत नाही. ज्ञान होते, ते पोहोचले नव्हते. हे ज्ञान का पोहोचत नाही आणि कशाने पोहोचते, याचा विचार आज एका अगदी साध्या उपचाराच्या इतिहासावरून करावयाचा आहे.

प्रथम एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण पाहू. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी शल्यवैद्याने 'सॅलिसबरी' या इंग्रजी युद्धनौकेवर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले. या रोगात हिरड्या सुजतात, रक्त वाहते, अंग गळून जाते आणि शेवटी मनुष्य दगावतो. लिंडने बारांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांना अन्न एकच, पण प्रत्येक जोडीला उपचार वेगळा. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी बघता बघता सुधारली. त्यांच्यातील एक तर सहा दिवसांत कामावर रुजू होण्याजोगा झाला. १७५३ साली लिंडचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. असे असूनही इंग्रजी आरमाराने सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम काढला तो १७९५ च्या सुमारास. प्रयोगानंतर ४८ वर्षांनी!

या विलंबाचे खापर आपण लगेच अधिकाऱ्यांच्या डोक्यावर फोडतो. काही अंशी ते योग्यही आहे. परंतु दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे. फळे जहाजावर टिकत नाहीत म्हणून लिंडने स्वतःच रस आटवून त्याचा पाक करून ठेवण्याची युक्ती सुचविली. आटविताना रसातील गुण निघून जात होता, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणजे प्रयोगात जे सिद्ध झाले ते एक, आणि प्रत्यक्ष व्यवहारात जे पोहोचले ते दुसरेच! सिद्ध झालेली गोष्ट वाटेत बिघडू शकते, हा या कथेचा पहिला धडा होय.

पुढे विसाव्या शतकात उपचार पारखण्याचे शास्त्र पुष्कळ प्रगत झाले. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोग्यांवर झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोणाला औषध द्यावयाचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविण्यात आले. १९७२ साली आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश वैद्याने आपल्या छोट्या पुस्तकात परखडपणे विचारले की, आपण जे उपचार रोज करतो त्यांपैकी खरोखर उपयोगी किती? 'पुराव्यावर आधारलेले वैद्यक' हे नाव मात्र १९९१ सालचे. ते कॅनडातील गॉर्डन गायट यांनी रूढ केले. या सर्व खटाटोपातून एका प्रश्नाचे उत्तर मिळू लागले : कोणता उपचार गुणकारी? परंतु गुणकारी ठरलेला उपचार रोजच्या व्यवहारात कसा उतरावयाचा, हा दुसरा प्रश्न तसाच राहिला. या दुसऱ्या प्रश्नाचा शोध किती कष्टाने घ्यावा लागतो, ते जलसंजीवनीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

पटकी हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. परंतु गावोगावच्या वेशीबाहेरची मरीआईची देवळे त्या काळाची साक्ष देतात. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरच्या बाजूला उसळलेली पटकीची साथ दुसऱ्याच वर्षी मुंबईपर्यंत येऊन धडकली आणि नंतर जगभर फिरली. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळी नाहीसा होई. यात्रेकरू, सैनिक, बाळंतिणी, मुले, कोणीच तिच्या तावडीतून सुटत नसे.

या रोगात मनुष्य नेमका कशाने मरतो, याचा उलगडा १८३१-३२ च्या हिवाळ्यात झाला. विल्यम ओशॉनेसी या अवघ्या बावीस वर्षांच्या आयरिश वैद्याने रोग्यांचे रक्त तपासले. त्यातील पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झाले आहेत, असे त्याला आढळले. हेच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात येऊन तारखात्याचे जनक झाले. त्यांच्या शोधावरून स्कॉटलंडमधील टॉमस लॅटा याने १८३२ साली रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. मरणोन्मुख रोगी उठून बसले. परंतु पुष्कळसे नंतर दगावले, आणि ती पद्धत मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ती सुधारून पुन्हा आणली आणि मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

यावरून शिरेतून पाणी देणे हाच पटकीवरचा उपाय ठरला. पण शिरेतून पाणी द्यावयाचे म्हणजे निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, नळ्या हव्यात आणि जाणता मनुष्य हवा. रोग पसरतो झोपड्यांतून आणि उपाय राहतो शहरातल्या इस्पितळात, असा हा प्रकार होता. मग तोंडाने पाणी पाजावे, ही साधी गोष्ट कोणालाच सुचली नाही काय? सुचली होती. १९५३ साली हेमेंद्रनाथ चटर्जी या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या लंडनच्या मान्यवर नियतकालिकात एक लेख लिहिला. पटकीच्या १८६ रोग्यांना त्यांनी वनस्पतीच्या रसाने वांती थांबवून तोंडाने साखर-मिठाचे पाणी दिले होते. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, किती पाणी गेले आणि किती भरून आले याचे मोजमाप नव्हते. विद्वानांनी त्या लेखाकडे फारसे लक्ष दिले नाही. आज आपल्याला याचे वाईट वाटते. पण त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते, असे तेव्हा मानले जाई. मग प्यालेले पाणी शोषले जाणार कसे?

हे कोडे दोन बाजूंनी सुटले. कलकत्त्यातच शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले की, पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी उसळते. आतडे मोडून पडते असे नव्हे. दुसऱ्या बाजूने रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे असा सिद्धांत मांडला की, आतड्यात साखर आणि मिठातील सोडियम हातात हात घालून आत शिरतात. त्यांच्या पाठोपाठ पाणीही जाते. म्हणजे मीठ-पाणी नुसते पाजले तर वाया जाईल. त्यात योग्य प्रमाणात साखर असेल तर ते अंगी लागेल. घरातल्या डब्यातील चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर यांच्या मागे एवढे सूक्ष्म यंत्र काम करते!

तरीही सावधगिरी आवश्यक होती. १९६२ साली मनिला येथे तोंडाने द्रव देण्याचा एक प्रयत्न झाला. त्यात प्रमाण चुकले आणि काही रोगी दगावले. अखेर १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी पद्धतशीर चाचणी घेतली. जितके पाणी बाहेर जाते तितके मोजून तितकेच तोंडाने पाजावयाचे, हे त्यांचे सूत्र होते. आरंभी शिरेतून द्रव देऊन रोगी सावरला की पुढची शिरेतील द्रवाची गरज शेकडा ८० ने कमी होते, असे त्यांना आढळले. पुरावा हाती आला. परंतु तो इस्पितळातील पुरावा होता. शेजारी परिचारिका, हाताशी मोजपात्र आणि डोक्यावर तज्ज्ञ! हे सर्व नसेल तेथे काय?

त्याचे उत्तर १९७१ साली एका भीषण आपत्तीने मागितले. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सरहद्दीवरील बनगाव येथील छोट्या इस्पितळात पटकीच्या रोग्यांची रीघ लागली. कलकत्त्याहून तेथे गेलेले डॉ. दिलीप महालनबीस पाहतात तो दोन खोल्या, जमिनीवर दाटीने पडलेले रोगी आणि शिरेतून द्यावयाचा द्रव संपत आलेला. रोग्यास सुई टोचावयाची तर घाणीत गुडघे टेकावे लागत. अशा स्थितीत त्यांनी एक धाडसाचा निर्णय घेतला. कलकत्त्यातील संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज तोलून पिशव्या भरण्यात आल्या. एका लिटर पाण्याला साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा आणि बावीस ग्रॅम ग्लुकोज, असे प्रमाण होते. पिशव्यांची तोंडे तापलेल्या इस्त्रीने बंद केली जात. बनगावला हे मिश्रण नळ असलेल्या पिंपांत विरघळविले जाई, आणि रोग्याची आई, भाऊ, बायको पेला भरून नेऊन रोग्याला पाजत.

खर्च लिटरला सुमारे अकरा पैसे. द्रवाच्या टंचाईत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० पर्यंत चढले होते. या केंद्रात तीन हजारांहून अधिक रोग्यांत ते शेकडा ३.६ इतकेच राहिले. महालनबीस यांनी या द्रवाला 'तोंडाने घ्यावयाचे सलाइन' असे नाव दिले. सलाइन म्हणजे मोठे औषध, हे लोकांना ऐकून माहीत होते. साखर-मिठाचे पाणी म्हटले असते तर कोणी मन लावून पाजले नसते. औषधाच्या नावाचाही विचार करावा लागतो, हे या शहाण्या डॉक्टरांनी ओळखले होते. महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९७५ साली एकच प्रमाण मान्य केले, आणि १९७८ साली 'लॅन्सेट'ने या उपचाराची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. येथेच कथा संपावयास हवी होती. परंतु १९८० च्या सुमारास जगात दरवर्षी सुमारे ४६ लाख बालके जुलाबांनी मरत होती. औषध सिद्ध होते, स्वस्त होते, आणि मुले मरत होती.

वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा पार केला तो बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने. फझले हसन आबेद यांनी १९७२ साली ती स्थापन केली होती. १९८० साली या संस्थेने ठरविले की, देशातील घरोघरी जाऊन प्रत्येक आईला हे पाणी करावयास शिकवावयाचे. पाकिटे पुरणार नव्हती म्हणून घरातलेच जिन्नस घेतले : तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. नुसते सांगून भागत नाही म्हणून आईकडून तिच्याच घरात, तिच्याच भांड्यात मिश्रण करून घ्यावयाचे आणि लक्षात ठेवावयाचे दहा मुद्दे पाठ करून घ्यावयाचे. शिकविणाऱ्या बाया खेड्यातल्याच, फारशा न शिकलेल्या. त्यांच्या पगाराची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सुमारे महिन्याने दुसराच मनुष्य येऊन काही आयांची परीक्षा घेई. आईला जितके आठवे तितका शिकविणारीला मोबदला. काहीच आठवले नाही तर काहीच नाही. किती घरांना भेट दिली याला किंमत नव्हती. आईच्या ध्यानात काय राहिले याला होती.

आयांनी मुद्दे चोख पाठ केले. तपासलेल्या नमुन्यांत मिश्रणही बहुधा बरोबर निघे. आणि तरीही पाहणीत असे दिसले की, मूल आजारी पडल्यावर हे पाणी फारच थोड्या वेळा दिले जाते! दुसरी एखादी संस्था असती तर तिने अडाणी लोकांना दोष देऊन अहवाल मिटविला असता. 'ब्रॅक'ने कारण शोधले.

पहिले कारण शब्दात सापडले. कार्यकर्त्या 'डायरिया' म्हणत. पण तेथील आयांच्या लेखी पोट बिघडण्याचे चार प्रकार होते : तान्ह्याची दुधाची हगवण, अजीर्ण, आमाशा आणि डायरिया. यांतला डायरिया म्हणजे पटकीसारखे पाण्यासारखे जुलाब, तेवढेच. शिकविलेला उपाय त्या इमानाने तेवढ्यापुरताच वापरीत! आपल्याकडेही अजीर्ण, हगवण, आव, ढाळ हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे कोणतीही आजी सांगेल. म्हणजे आई चुकली नव्हती. शिकविणाऱ्याने तिची भाषा समजून घेतली नव्हती. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे होते. शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःच्या घरी आजार आला की त्यांतील कित्येक जणी गोळ्यांकडे वळत. तेव्हा त्यांना ढाक्याच्या रुग्णालयात नेऊन रोगी बरे होताना प्रत्यक्ष दाखविण्यात आले. तिसरे कारण असे की, पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग हाटात, मशिदीत, शाळेत सभा घेण्यात आल्या. प्रत्येक दोष सापडल्यावर पद्धत बदलत गेली. १९९० पर्यंत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरे झाली. पुढे बांगलादेश हा या उपचाराचा सर्वाधिक वापर करणाऱ्या देशांत गणला जाऊ लागला.

मित्रहो, यातील मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. येथे संशोधन झाले ते औषधावर नव्हे, तर औषध आणि आई यांमधील अंतरावर. त्या संशोधनातही प्रयोगशाळेइतकाच कसोशीचा हिशेब होता. पाहणी, मोजणी, चूक सापडताच दुरुस्ती आणि पुन्हा मोजणी. सदिच्छा आणि पत्रके यांच्या जोरावर हे झाले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, जुलाब झालेल्या बालकांपैकी ज्यांना पाकिटातील जलसंजीवनी मिळाली त्यांचे प्रमाण २००५-०६ साली शेकडा २६ होते. २०१५-१६ साली ते सुमारे ५१ झाले आणि २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे ६१. प्रगती आहे, परंतु बनगावच्या घटनेनंतर पन्नास वर्षांनीही दहांतील चार बालके वंचित राहिली. असे का? औषधे विकण्यात डॉक्टरांचा फायदा असतो म्हणून, असे कोणी म्हणेल; दुकानात पाकीट नसते म्हणून, असे दुसरा म्हणेल. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात या प्रश्नाची एक मार्मिक पाहणी प्रसिद्ध झाली. कर्नाटक आणि बिहारमधील दोन हजारांहून अधिक खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे आजारी मुलाचे पालक असल्याची बतावणी करणारी माणसे पाठविण्यात आली. जलसंजीवनी न देण्यामागे पैशाच्या लोभाचा वाटा शेकडा ५ आणि साठा नसण्याचा ६ निघाला. सर्वांत मोठा वाटा, शेकडा ४२, होता एका समजुतीचा : रोग्यालाच हे नको असते! डॉक्टरला उपाय ठाऊक होता. पण आलेल्या माणसाला गोळी, इंजेक्शन, काहीतरी 'खरे औषध' हवे आहे, असे त्याने गृहीत धरले होते. जेथे त्या माणसाने आपण होऊन जलसंजीवनीची इच्छा दाखविली, तेथे शंभरांत आणखी २७ ठिकाणी ती लिहून मिळाली.

याचा अर्थ असा की, पुराव्याच्या वाटेवरचा शेवटचा अडथळा कधी कधी आपणच असतो. सुईशिवाय बरे वाटत नाही, दोन-तीन रंगांच्या गोळ्या नसतील तर पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात, ही आपली आवड डॉक्टर ओळखून असतो. जुलाब होत असता पाणी दिले तर ढाळ वाढेल, पोटाला लंघन हवे, ही समजूतही घराघरांतून अद्याप आहे. लंघनाने मोठ्या माणसाच्या अजीर्णाला आराम पडत असेल, परंतु पाणी झरत असलेल्या तान्ह्या मुलाला ते मारक ठरते. मुलाला पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात संबंध पाकीट मिसळून घोट घोट पाजावे, अंगावरचे दूध आणि खाणे चालू ठेवावे, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, आणि मूल पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा शौचात रक्त असेल तर विनाविलंब इस्पितळ गाठावे. पाकीट घेताना त्याच्यावरचा मजकूरही वाचावा. गोड पेये 'ओ. आर. एस.' या नावाने विकली जात असल्यामुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२५ च्या ऑक्टोबरात त्या नावाच्या वापरास मनाई करावी लागली. लिंडच्या आटविलेल्या पाकाची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे : नाव तेच, गुण निराळा.

जगात आज जुलाबांनी मरणाऱ्या बालकांची संख्या वर्षाला पाच लाखांच्या खाली आली आहे. स्वच्छ पाणी, लसी, बरे अन्न यांचा त्यात वाटा आहेच, आणि जलसंजीवनीचाही मोठा आहे. पण त्या पाच लाखांतील पुष्कळ मुलांना वाचविणारे ज्ञान १९६८ सालीच तयार झाले होते. ते पुढे नेण्याचे काम संशोधकांनी केले, डॉक्टरांनी केले, न शिकलेल्या खेडवळ बायांनीही केले. उरलेल्या वाटेपैकी काही पावले आपल्या आवाक्यातील आहेत. पुढच्या वेळी घरातल्या मुलाला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा, "डॉक्टरसाहेब, जलसंजीवनी द्यावी ना?" एवढेच विचारून पाहा.